थीम पार्कचा दर्जा खरंच घसरलाय की आपलंच वय झालंय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: बारा वर्षांनी लहानपणीच्या आवडत्या पार्कात परत गेलात, मुलांसाठी म्हणून वार्षिक पास काढलात, वर्षभरात चार चकरा झाल्या. दर वेळी दोन मोठ्या राइड्स बंद. एका राइडमधला राक्षस, जो पूर्वी अंगावर धावून यायचा, तो नुसता अंधारात उभा. रंगाचे पोपडे, बंद स्टॉल, दिवसभरात जेमतेम पाच राइड्स. आणि तुमच्या मिस्टरांचं म्हणणं, की पार्क तेच आहे, तू मोठी झालीस. पास पुढच्या महिन्यात संपतोय, तो पुन्हा काढावा का?

माझं मत: दोष थोडा वयाचा, बराचसा पार्कचा. पण हे भांडण आठवणींवर लढाल तर मिस्टर जिंकतील. आठवणी सोयीच्या तेवढ्याच उरतात. ज्या डिस्नेलँडचे आपण सगळे गोडवे गातो, ते १७ जुलै १९५५ ला उघडलं तेव्हा बनावट तिकिटांमुळे गर्दी हाताबाहेर गेली होती, ताज्या डांबरात बायकांच्या सँडलच्या टाचा रुतत होत्या आणि प्लंबरांच्या संपामुळे प्यायच्या पाण्याचे नळ धड चालत नव्हते. 'पूर्वी एका तिकिटात सगळं मिळायचं' हेही अर्धसत्य. तिथे १९८२ पर्यंत राइडसाठी कुपनं लागायची, ए पासून ई पर्यंत, आणि चांगल्या राइड्स अर्थातच महागड्या ई कुपनावर. एकदा आत शिरलात की सगळं तुमचं, हा काळ आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच छोटा आहे.

म्हणून मोजता येईल ते मोजा. मी तरुणपणी दोन हंगाम एका पार्कात (नाव राहू द्या) रोलर कोस्टरच्या फलाटावर काम केलंय. तेव्हापासून कुठल्याही पार्कात गेलो की आधी रुळावर किती गाड्या फिरताहेत ते बघतो. बायको वैतागते, पण सवय जात नाही.

हिशेब साधा आहे. समजा एका गाडीत २४ जण बसतात. फेरी तीन मिनिटांची, उतरणं-चढणं आणि लॅप बार (मांडीवरचा अडसर) तपासणं एका मिनिटाचं, म्हणजे एका गाडीचं चक्र चार मिनिटांचं. एकच गाडी असेल तर तासाला १५ फेऱ्या, ३६० माणसं. दोन गाड्यांत ७२०, तिनांत १,०८०. रांगेत तुमच्यापुढे ७२० जण असतील तर तीन गाड्यांवर ४० मिनिटं, दोनांवर तासभर, एका गाडीवर दोन तास. रूळ तोच, गर्दी तीच, तिकिटाचा दर तोच. प्रवेशद्वारावरच्या फलकावर 'राइड सुरू आहे' असंच लिहिलेलं असतं, आणि ते खोटंही नसतं.

तिसरी गाडी शेडमध्ये ठेवली की पार्कचं काय वाचतं? फलाटावरची दोन-तीन माणसं, चाकांची झीज, आणि गाडीच्या फिरलेल्या तासांवर ठरणारी तपासणी पुढे ढकलता येते. गाड्या तीन ठेवून माणसं कमी केली तर आणखी मजा. बार तपासायला हात अपुरे, त्यामुळे मागची गाडी फलाटाबाहेर ब्रेकवर खोळंबून राहते. आम्ही त्याला स्टॅकिंग म्हणायचो. वर बसलेले लोक उन्हात तीन-तीन मिनिटं ताटकळतात आणि त्यांना वाटतं काहीतरी बिघडलंय. बिघडलेलं काहीच नसतं, पगारपत्रकावरची दोन नावं कमी झालेली असतात. आमच्याकडे सकाळच्या बैठकीत 'आज एक गाडी पुरे' असं सांगितलं जायचं, आणि दुपारी रांग पाऊण किलोमीटर गेली तरी दुसरी गाडी बाहेर यायची नाही, कारण ती आणायला लागणारा मेकॅनिक त्या दिवशी पाळीवरच नसायचा.

इथे एक गोष्ट पार्कच्या बाजूनेही सांगायला हवी. गर्दी नसलेल्या महिन्यांत एखादी गाडी रुळावर नसेल तर ती बहुधा सुटी करून तपासायला घेतलेली असते. सांगाड्याला कुठे बारीक तडे गेलेत का ते बघतात. ते व्हायलाच हवं. भर हंगामात, शनिवारी, तीच अवस्था असेल तर मात्र कारण वेगळं.

आता पैसे भरून पुढे जायची रांग. डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास आणला तो फुकट होता. २०२१ च्या ऑक्टोबरात फ्लोरिडात त्याच्या जागी दिवसाला १५ डॉलरपासून जिनी प्लस आलं, मग नावं बदलत गेली. लोक भांडतात ते दरावरून. मला त्याहून जास्त टोचतं ते हे, की या रांगेमुळे एकही जागा वाढत नाही. वरच्याच उदाहरणात तासाच्या १,०८० जागांपैकी दोन तृतीयांश पैसे भरणाऱ्यांना दिल्या, तर साध्या रांगेला उरल्या ३६०. म्हणजे तीन गाड्या धडधडत फिरताहेत आणि तुमच्यासाठी मात्र एकच! शिवाय साधी रांग जितकी रखडेल तितका तो रांग चुकवायचा पास खपतो. कोणी मुद्दाम रांग रखडवतं असा माझा आरोप नाही. पण ती रखडण्यात ज्याचं नुकसान व्हायचं, त्याचाच आता फायदा होतो. अशा घरात तिसऱ्या गाडीसाठी कोण भांडणार?

तुमच्या अंधारातल्या राक्षसाकडे येतो. या प्रकाराला जुनेजाणते 'बी मोड' म्हणतात. एखादी करामत बंद पडली तर राइड थांबवायची नाही, तिच्याशिवाय चालवायची. कल्पना रास्त आहे, एका बाहुल्यासाठी हजारो लोकांना परत पाठवणं शहाणपणाचं नाही. गोम अशी की बी मोडची सवय लागते. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण फ्लोरिडातल्या डिस्नेज ॲनिमल किंगडममधली एक्स्पिडिशन एव्हरेस्ट. राइड एप्रिल २००६ मध्ये उघडली, शेवटी साडेसात मीटर उंचीचा यती तुमच्यावर झडप घालायचा. काही महिन्यांतच त्याची यंत्रणा बंद पडली. तेव्हापासून तो जागेवर उभा, आणि हलल्याचा भास व्हावा म्हणून त्याच्यावर लुकलुकणारे दिवे. चाहत्यांनी त्याचं नाव ठेवलं डिस्को यती. वर्षामागून वर्षं हेच. राइडची रांग काही कमी झाली नाही, आणि माझ्या मते तीच यतीची खरी अडचण आहे. तो दुरुस्त केल्याने एकही तिकीट जास्त विकलं जाणार नाही, न केल्याने एकही कमी होणार नाही. हिशेबाच्या वहीत त्याला रकानाच नाही.

सजावटीची हयगय एकवेळ सोसता येते. यंत्राची नाही. ५ सप्टेंबर २००३ ला कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये बिग थंडर माउंटनच्या गाडीला अपघात झाला आणि एक २२ वर्षांचा तरुण गेला. राज्याच्या तपासणीत देखभाल नीट झाली नसल्याचं निघालं. त्याआधीच्या काही वर्षांत तिथे खर्चाला कात्री लागल्याची ओरड चाहते करतच होते, रंग उडालाय, लाकूड कुजलंय म्हणून फोटो टाकत होते. त्यांना 'दिव्यांचे बल्ब मोजणारे' म्हणून हसणारेही होते. अपघाताला थेट ती कात्रीच कारण, असं मी म्हणणार नाही. पण त्याच सुमारास मॅट विमेट यांनी डिस्नेलँडची सूत्रं घेतली आणि २००५ च्या पन्नासाव्या वाढदिवसापर्यंत पार्क अक्षरशः घासूनपुसून, रंगवून उभं केलं. तेच पार्क, तीच कंपनी. तेव्हा 'आता पूर्वीसारखं होणं नाही' असं कोणी म्हणालं की मला २००५ आठवतं.

बचत बांधतानाच केली तर काय होतं, ते २००१ ने दाखवलं. त्या फेब्रुवारीत अनाहाइममध्ये, डिस्नेलँडच्या शेजारीच, डिस्नेचं कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर उघडलं आणि सप्टेंबरात टोकियो डिस्नेसी. पहिलं हात आखडून बांधलेलं, लोकांनी पाठ फिरवली. २००७ मध्ये त्याच्या दुरुस्तीसाठी १.१ अब्ज डॉलरची योजना जाहीर करावी लागली आणि २०१२ मध्ये कार्स लँड उघडल्यावर कुठे ते पार्क माणसात आलं. डिस्नेसीवर सढळ हाताने खर्च झाला होता, आजही जगातल्या उत्तम पार्कांत लोक त्याचं नाव घेतात. ते ओरिएंटल लँड नावाच्या जपानी कंपनीचं आहे, डिस्ने फक्त परवान्याचे पैसे घेते.

इथे लगेच कोणीतरी म्हणेल, भागधारक आले की वाट लागते. नेदरलँड्सचं एफ्टेलिंग एका प्रतिष्ठानच्या मालकीचं, जर्मनीचं युरोपा-पार्क माक कुटुंबाचं, म्हणून ती टिकली. त्यात तथ्य आहे, पण ओरिएंटल लँडही शेअर बाजारात नोंदलेली कंपनीच आहे. आणि टोकियोतही २०२२ पासून पैसे देऊन रांग चुकवता येतेच. मालक कोण यापेक्षा मालक किती वर्षांचा हिशेब मांडतो, यावर बरंच ठरतं असं मला वाटतं. तिमाहीच्या वहीत रंगकाम हा नुसता खर्च, वीस वर्षांच्या वहीत तीच गुंतवणूक.

आपल्या बाजूचा आगाऊपणाही कबूल करतो. आपण चाहते प्रत्येक बदलाला काटकसर म्हणतो. जुलै २०२५ मध्ये डिस्नेच्या फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडम पार्कमधली रिव्हर्स ऑफ अमेरिका नदी बंद झाली तेव्हा मलाही वाईट वाटलं. पण तिथे दुसरं काहीतरी मोठं बांधताहेत, ती कंजुषी नव्हे. आवडनिवड आणि कंजुषी एकाच पोत्यात भरली की आपलं ऐकायचं कारण त्यांना उरत नाही. 'रंग उडाला' म्हणूनही ओरडायचं आणि रंगासाठी राइड महिनाभर बंद ठेवली की 'आम्ही इतक्या लांबून आलो' म्हणूनही ओरडायचं, हेही आपणच करतो. मला तर दुरुस्तीचा पडदा लावलेली राइड दिसली की बरं वाटतं.

तक्रारीचा उपयोग होतो का? होतो, पण कधी होतो ते बघा. २०२१ च्या नोव्हेंबरात डिस्नेच्या तेव्हाच्या वित्तप्रमुख गुंतवणूकदारांसमोर म्हणाल्या, की ताटात वाढायचं प्रमाण कमी करता येईल आणि काहींच्या कंबरेसाठी ते बरंच होईल. चाहते अजून ते विसरलेले नाहीत. वर्षभर संताप साचला, नोव्हेंबर २०२२ मध्ये डिस्नेचे प्रमुख बॉब चेपेक जाऊन आधीचे प्रमुख बॉब आयगर परत आले, आणि जानेवारीत फ्लोरिडातल्या हॉटेलांमधलं रात्रीचं पार्किंग पुन्हा फुकट झालं. रक्कम किरकोळ होती. पण मागे घेता येतं, हे कळलं. सिक्स फ्लॅग्स या दुसऱ्या अमेरिकी पार्क-कंपनीने २०२२ मध्ये दर वाढवून गर्दी कमी करायचं ठरवलं, ती इतकी कमी झाली की पाहुणे साधारण एक चतुर्थांशाने घटले. ती भाषा सगळ्यांना कळते.

तेव्हा तुमचा पास. माझा सल्ला, या वर्षी काढू नका. रागाने नाही. पास काढलेला माणूस त्यांच्या लेखी आधीच खिशात पडलेला असतो, न काढलेला मात्र पुन्हा मिळवायचा असतो. आणि न काढण्याचं कारण लेखी कळवा. 'पूर्वीची जादू उरली नाही' असं लिहू नका, ते वाचून कोणालाही काही करता येत नाही. अमुक तारखेला, दुपारी दोन वाजता, अमुक कोस्टर एका गाडीवर चालू होतं, साध्या रांगेत ११० मिनिटं लागली, राक्षस चारही भेटींत बंद होता, असं लिहा. असं पत्र तुम्ही समजता त्यापेक्षा वर जातं. माझ्या दुसऱ्या हंगामात आमच्या फलाटावर एक माणूस वाढला तो अशाच एका आजोबांच्या पत्रामुळे. ते घड्याळ लावून बसायचे आणि आम्हाला त्यांचा भयंकर राग यायचा.

मुलांना राक्षस हलत नाही हे कळलंच नाही, असं तुम्ही शेवटी लिहिलंय आणि त्याचंच तुम्हाला जास्त वाईट वाटलं. ते मी समजू शकतो, त्यावर माझ्याकडे उपाय नाही. मात्र एखाद्या दिवसाचं सुटं तिकीट काढून गेलातच, तर आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी जा, दार उघडायच्या अर्धा तास आधी पोचा, आणि तिसरी गाडी रुळावर आहे का तेवढं मला कळवा.