चार सेंटचं निळं तिकीट घेण्याआधी

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो पाहिले. तिकीट देखणं आहे, त्यात वाद नाही. पण विक्रेत्याने ‘निळ्या रंगाची दुर्मिळ चूक’ म्हणून लावलेली किंमत वाचली आणि उठून आधी पाणी प्यायलो. पैसे पाठवू नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी थांब.

ते तिकीट १८९३ च्या कोलंबियन, म्हणजे कोलंबसावरच्या मालिकेतलं, ४ सेंटचं. शिकागोच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त अमेरिकन टपाल खात्याने १ सेंटपासून ५ डॉलरपर्यंत १६ तिकिटं काढली. सगळ्यांची दर्शनी किंमत मिळून १६ डॉलर ३४ सेंट. त्या काळी कामगाराच्या आठवड्याच्या मजुरीहूनही जास्त, त्यामुळे संग्राहकांनी बोटं मोडली. पोस्टमास्टर जनरल होते जॉन वॅनामेकर, फिलाडेल्फियाचे बडे दुकानदार. तिकीट विकलं गेलं आणि पत्रावर चिकटलंच नाही तर खात्याचा निव्वळ फायदा, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

आता तुझ्या तिकिटाकडे येऊ. ४ सेंटचा ठरलेला रंग अल्ट्रामरीन, म्हणजे किंचित जांभळट झाक असलेला निळा. १ सेंटचं तिकीट गडद निळं. ४ सेंटची थोडी तिकिटं या १ सेंटच्या निळ्यात छापून बाहेर पडली. स्कॉट कॅटलॉगमध्ये, म्हणजे संग्राहक वापरतात त्या तिकिटांच्या सूचीत, त्यांना २३३ए असा वेगळा क्रमांक आहे. म्हणजे विक्रेत्याचा सगळा डोलारा दोन निळ्यांमधल्या फरकावर उभा, आणि तो फरक तू मोबाइलच्या पडद्यावर बघते आहेस! साध्या ४ सेंटच्या छटाही एकसारख्या नाहीत. ऊन, दमट हवा, कोणी लावलेलं रसायन, यांपैकी कशानेही शाई बदलते. तिकीट हातात आलं तर दिवसाउजेडी खिडकीपाशी १ सेंटच्या तिकिटाशेजारी ठेवून बघ. तिथे जुळलं तरी ती फक्त शंका घ्यायला जागा झाली. खात्री प्रमाणपत्राने होते.

एकूणच छपाईच्या चुकांचा नाद करायचा असेल तर एक प्रश्न पाठ करून ठेव: ही चूक छापखान्यातून बाहेर पडली कशी?

याचं पहिलं उत्तर यंत्रातच असतं. दोन रंगांचं तिकीट त्या काळी दोनदा छापलं जायचं. एकदा चौकट, मग तोच कागद पुन्हा घालून मधलं चित्र. दुसऱ्या वेळी कागद उलटा गेला की चित्र डोक्यावर उभं. म्हणून उलट्या चित्राची चूक दुरंगी तिकिटातच होते. कोलंबियन मालिका एकरंगी. १८९८ ची ओमाहा प्रदर्शनाची मालिका आधी दुरंगी करायचं ठरलं होतं, पण स्पेनशी युद्ध पेटलं, छापखान्यावर ताण आला आणि तीही एकाच रंगात उरकली. तेव्हा त्या मालिकेतलं ‘वादळातली गुरं’ हे सुंदर १ डॉलरचं तिकीट उलट्या चित्रासह कोणी दाखवलं तर नमस्कार करून पुढे जा. (बाय द वे, ती अमेरिकन गुरं नव्हेतच. मूळ चित्र स्कॉटलंडच्या गुरांचं आहे. स्मारक तिकिटांच्या खरेपणावर फार विसंबू नये. कोलंबस १ सेंटच्या तिकिटावर जमीन पाहतो तेव्हा गुळगुळीत दाढी केलेला, आणि २ सेंटच्या तिकिटावर किनाऱ्यावर उतरतो तेव्हा भरघोस दाढीवाला!)

१९०१ ची बफेलोच्या पॅन-अमेरिकन प्रदर्शनाची मालिका मात्र दुरंगी. हे तेच प्रदर्शन जिथे राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर गोळी झाडली गेली. या मालिकेत तीन तिकिटं उलट्या चित्राची सापडतात: १ सेंटची आगबोट, २ सेंटची आगगाडी आणि ४ सेंटची विजेवर चालणारी मोटार. वरवर तिघींची जात एक. पण आगबोट आणि आगगाडी खरोखरच नजरचुकीने सुटल्या आणि टपाल कार्यालयाच्या खिडकीवर सामान्य गिऱ्हाइकाच्या हाती पडल्या. मोटारीची गोष्ट वेगळी. तीही उलटी निघाल्याची आवई उठली, तेव्हा खात्याने ती उलटी मुद्दाम छापून घेतली, सुमारे ४००. काहींवर ‘स्पेसिमेन’ (नमुना) असा शिक्का मारला, काही ओळखीपाळखीत वाटली गेली. खिडकीवर एकही विकलं गेलं नाही. आज त्यालाही भरपूर पैसा मोजतात. मी मोजणार नाही. चुकीत कोणाचा हात नसावा, एवढी माझी साधी अपेक्षा आहे. यावर कडाक्याचे वाद होतात, तू तुझं मत बनव.

तुला ज्याचं वेड लागलं आहे ती १९१८ ची उलटी जेनी स्मारक तिकीट नाहीच, ते विमान टपालाचं २४ सेंटचं तिकीट, त्यावरचं जेनी विमान उलटं छापलं गेलेलं. पण ‘बाहेर कशी पडली’ या प्रश्नाला इतकं चोख उत्तर दुसऱ्या कुठल्या चुकीकडे नाही. १४ मे १९१८, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क अॅव्हेन्यूवरचं टपाल कार्यालय, विल्यम रोबी नावाचा गिऱ्हाईक, २४ डॉलरला १०० तिकिटांचं एक पान. त्याने ते फिलाडेल्फियाचा तिकीट-व्यापारी युजीन क्लाइन याला १५,००० डॉलरला विकलं, क्लाइनने कर्नल ग्रीन या धनाढ्य संग्राहकाला २०,००० ला. पान फोडण्याआधी प्रत्येक तिकिटामागे पेन्सिलीने क्रमांक घातला गेला. त्या बारीक आकड्यामुळे आज प्रत्येक तिकिटाची वंशावळ सांगता येते. त्यांतलं ४९ क्रमांकाचं २०२३ मध्ये २० लाख डॉलरांच्या वर गेलं. बोभाटा झाल्यावर छापखान्याने प्लेटवर, म्हणजे छपाईच्या धातूच्या पाटीवर, ‘टॉप’ असा शब्दच कोरला, वरची बाजू कळावी म्हणून.

आणि याच्या अगदी उलट टोकाला १९६२ चं, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस दाग हॅमरशोल्ड यांच्या स्मरणार्थ काढलेलं तिकीट. न्यू जर्सीतल्या लेनर्ड शर्मन या जवाहिऱ्याला पिवळा रंग उलटा पडलेलं ५० तिकिटांचं पान मिळालं. पोस्टमास्टर जनरल डे यांना वाटलं, टपाल खातं काही लॉटरी चालवत नाही. त्यांनी तीच चूक मुद्दाम ४ कोटींहून अधिक तिकिटांवर छापायला लावली. शर्मन कोर्टात गेला, पण तोवर गाडी सुटली होती. आज ते तिकीट किरकोळ पैशांत मिळतं, जरूर घे. खऱ्या चुकीतलं सुटं तिकीट आणि मुद्दामची छपाई आता वेगळी काढता येत नाही. नोव्हेंबर १९६२ च्या मध्यात मुद्दामची तिकिटं बाहेर आली, त्याआधीचा तारखेचा शिक्का असलेलं पाकीटच काय ते पुरावा ठरतं. म्हणून सांगतो, जुनी पाकिटं दिसली की तिकीट भिजवून काढू नकोस. पाकिटासकट ठेव.

डिंकाबद्दल थोडं. शंभर-सव्वाशे वर्षांच्या तिकिटामागे आरशासारखा अखंड डिंक दिसला की विक्रेता खूश होतो, तू सावध हो. मूळ तिकिटांना आधी डिंक लावायचे, मग भोकं पाडायचे. त्यामुळे तिकीट फाडल्यावर दात्यांच्या टोकाला कागदाचे मऊ, कोरडे तंतू दिसतात. नंतर डिंक चढवला असेल तर तो दात्यांवर ओघळतो, टोकं ताठ आणि चकचकीत होतात. दहापट भिंगाखाली तिकीट तिरकं धर, बोटाच्या टोकाने दाते हलकेच चाचप, लगेच कळतं. ओमाहा आणि पॅन-अमेरिकनच्या काही तिकिटांना पानाच्या कडेमुळे एक बाजू सपाट असते. तिथे मागाहून दाते पाडणारे महाभागही आहेत. समोरासमोरच्या दोन बाजूंचे दाते ताडून पाहत जा.

हे सगळं शिकायचं कशावर? २ सेंटच्या कोलंबियनवर. ती जवळजवळ दीड अब्ज छापली गेली, त्यामुळे वापरलेली तिकिटं मूठभर सहज घेता येतात. चित्रात कोलंबसाच्या डावीकडचा तिसरा माणूस बघ. काही तिकिटांवर त्याच्या टोपीला खाच पडलेली असते. प्लेट बनवताना जो रूळ वापरत, त्याचा तुकडा उडाल्याने ही ‘फाटकी टोपी’ झाली. पुष्कळ सापडते, पैसे फारसे मिळत नाहीत. पण ती स्वतः हुडकून काढलीस की डोळा बसतो, आणि उद्या कोणी तीच ‘दुर्मिळ चूक’ म्हणून गळ्यात मारू पाहिली तर हसू येतं.

तू पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावी आहेस, मग बेलफाँट गाव तुझ्या अगदी शेजारी. अमेरिकन फिलाटेलिक सोसायटी या तिकीट-संग्राहकांच्या संस्थेचं कार्यालय आणि ग्रंथालय तिथेच आहे, आणि तिकिटं तपासून प्रमाणपत्र देण्याची सोयही. एखाद्या शनिवारी मॉलऐवजी तिकडे जाऊन ये, आधी फोन करून वेळ विचार. विक्रेत्याला एवढंच लिही: ‘प्रमाणपत्र आलं तर घेईन, तपासणीत नापास झालं तर पैसे परत, हे लेखी द्या.’ माल खरा असेल तर तो कुरकुरत का होईना, कबूल होईल. टाळाटाळ केली तर तुझे पैसे वाचले.

दिवाळीला येशील तेव्हा माझ्यासाठी माउंटची (तिकीट ठेवायच्या पारदर्शक खिशांची) दोन पाकिटं आण, काळ्या पाठीची. कोलंबियन तिकीट आडवं लांबलचक, मला इथे मिळालेले माउंट त्याला आखूड पडतात. पैसे आल्यावर देईन, काकूला सांगू नकोस.

तुझा,
काका