दूध पुरतंय का, ते लंगोट सांगतील

प्रिय मुली,

काल फोनवर तुला रडू फुटलं ते एकाच वाक्यावर: "दूध पुरत नाही, असं सगळ्याच म्हणतात." बाळ बघायला येणाऱ्या बायका मायेनंच येतात गं, पण पाळण्यात डोकावून हे कुणालाही कळत नाही. लंगोट मोज. पाचव्या दिवसानंतर दिवसरात्र मिळून सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील, लघवी फिकट असेल, पिताना गिळल्याचा आवाज येत असेल, तर दूध उतरतंय. सुरुवातीला वजन थोडं घटतंच. साधारण दोन आठवड्यांत भरून येतं.

संध्याकाळी बाळ सारखं पाजायला मागतं, छाती मऊ लागते आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी डब्याचं दूध सुचवतं. घाई करू नकोस. बाळ जितकं ओढेल तितकं दूध येतं, म्हणून रात्रीचं पाजणंही चुकवू नकोस. डॉक्टरांनी वरचं दूध द्यायला सांगितलं तर मात्र बिनदिक्कत दे, त्यात आईपण कुठंही उणं पडत नाही.

लंगोट कोरडे राहिले, उठवूनही बाळ पीत नसेल, डोळे पिवळे दिसले किंवा ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर काढे-उतारे करत बसायचं नाही. १०८ला फोन करायचा, रात्र असली तरी.

सासूबाईंची उकड्या तांदळाची पेज आणि मेथीचे लाडू पोटभर खा. गुटी, पाणी सहा महिने नको, आणि मध तर वर्षभर नको, हे त्यांना तूच गोडीनं सांग. नाळेला काही लावायचं नाही. आपल्या गोव्याच्या पावसात लंगोट सुकता सुकत नाहीत. पण ते चुलीच्या धुरावर टाकू नका, इस्त्री फिरवा. त्या इवल्या छातीला धूर सोसत नाही.

आता तुझं. पहिले दोन आठवडे उगाच भरून येणं पुष्कळ जणींना होतं. त्यापुढेही तसंच राहिलं, बाळ झोपलं असतानाही तुला झोप लागेना, बाळाला जवळ घ्यावंसं वाटेना, तर तो आजार आहे आणि तो बरा होतो. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत नंबर नवऱ्याच्या फोनमध्येही घालून ठेव. जीव नकोसा झाला किंवा बाळाला इजा करावी असं मनात आलं, तर तेव्हाच नवऱ्याला उठव. एकटी राहू नकोस.

सोमवारी आरोग्य केंद्रात बाळाचं वजन करून घे आणि आकडा मला कळव.

तुझी,
मावशी