बँडमध्ये माझी बास गिटार ऐकूच येत नाही, नवा अँप (अँप्लिफायर) घेऊ का?

अँप नंतर बघा, आधी त्यावरचा बासचा (खालच्या सुरांचा) नॉब कमी करा. एकट्याने वाजवताना तो वाढवलेला छान वाटतो, पण बँडमध्ये किक ड्रमही (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) त्याच खालच्या सुरांच्या पट्ट्यात असतो आणि नुसता गडगडाट होतो. चार तारांपैकी सर्वांत जाड तारेचा मूळ सूर जेमतेम ४१ हर्ट्झचा. गर्दीत कानाला कळतात ते त्याच्यासोबत उमटणारे वरचे स्वर. म्हणून मिड्स (मधले सूर), साधारण ५०० ते ८०० हर्ट्झ, थोडे वाढवा. एकटं ऐकताना आवाज नाकातला वाटेल, वाटू द्या.

तारा जुन्या झाल्यात का? राउंडवाउंडची (वर गोल तार गुंडाळलेल्या तारांची) चमक लवकर जाते. (गोल, दबका आवाज हवा असेल तर मात्र फ्लॅटवाउंड, म्हणजे वर चपटी तार गुंडाळलेल्या तारा.) बोटं ब्रिजकडे (तारा गिटारच्या बॉडीवर टेकतात तिकडे) सरकवली तरी टोन धारदार होतो, तेही फुकटात! एवढं करूनही ड्रमरपुढे आवाज दबलाच, तर जास्त वॉटचा अँप घ्या.