मेलेला उठला, हे मानायलाच पाहिजे का?

प्रश्न: कॉलेजातले मित्र म्हणतात, येशूची शिकवण चांगलीच आहे की, प्रेम करा, क्षमा करा, मग तो मेलेल्यातून उठला हे कशाला मानायचं? काय सांगू?
– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर: करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती मंडळीत पण हाच घोळ होता बघ. इ.स. 55 च्या सुमारास येशूचा प्रेषित पौल यानं त्यांना सरळ लिहिलं, ख्रिस्त उठला नसेल तर आमचं सांगणं फुकट आणि तुमचा विश्वासपण फुकट. नुसती शिकवण ठेवायची आणि पुनरुत्थान सोडायचं असं जमत नाही, पापांची क्षमा मिळाली म्हणतो ते त्याच्याच जोरावर.

साक्षीचं म्हणशील तर येशूचा शिष्य पेत्र याच्याकडं बघ, येशूच्या अटकेच्या रात्री एका दासीपुढं ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणाला आणि सातच आठवड्यांनी त्याच यरुशलेमात सगळ्यांसमोर उभा राहून येशू उठला असं बोलला, मधे काहीतरी मोठं घडल्याशिवाय माणूस असा बदलत नाही हे माझं ठाम मत. आणि रिकामी कबर पहिली कुणी बघितली, तर येशूची अनुयायी मग्दालीया मरीया आणि सोबतच्या बायकांनी, त्या काळी बायकांच्या साक्षीला फारशी किंमत नसायची, रचलेली गोष्ट असती तर त्यांना कुणी पुढं केलं असतं का? मित्रांशी वाद घालत बसू नको, ईस्टरला पहाटेच्या उपासनेला त्यांना घेऊन ये की.