हौसा आणि योरुबा लेखकांवर अरबी साहित्याचा प्रभाव खरंच आहे का?

आहे, पण नायजेरियातल्या या दोन्ही भाषांत सारखा नाही. हौसात तो मुळापर्यंत गेलाय. रोमन लिपी आली ती इंग्रजांबरोबर. त्याआधी हौसा अरबी लिपीतच लिहीत, तिला ‘अजमी’ म्हणतात. कवितेची वृत्तंही बरीचशी अरबी. उत्तरेतल्या सोकोतो शहराच्या कवयित्री नाना अस्माउ (१७९३–१८६४) अरबी, फुलफुल्दे आणि हौसा अशा तिन्ही भाषांत लिहायच्या. खेड्यातल्या बायकांनी पाठ करून शिकावं म्हणून त्यांनी पद्यं रचली. मला तर हे सगळ्यात भारी वाटतं.

योरुबात हा प्रभाव मुख्यतः इलोरिनसारख्या मुस्लिम शहरांत दिसतो. विद्वान आदम अब्दुल्लाह अल-इलोरी यांनी तर थेट अरबीतच ग्रंथ लिहिले. बाकी अरबीतून आलेली आपली ‘बरकत’ हौसात ‘अल्बरका’ आणि योरुबात ‘अलुबारिका’ म्हणून भेटते!