किल्ली शाबूत असतानाही सर्व्हरला धोका कसा?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या सर्व्हरवर मी घरून ओपनएसएसएच या दुरून सुरक्षितपणे सर्व्हरवर जाण्याच्या प्रोग्रामच्या साहाय्याने लॉगिन करतो. पासवर्डने लॉगिन करण्याची सोय आम्ही बंद ठेवली आहे. केवळ किल्लीच्या फाइलनेच आत जाता येते. अलीकडच्या तपासणी अहवालात मात्र आमची आवृत्ती ९.२पी१ असल्यामुळे तिच्यात २०२४ सालची 'रिग्रेशन' त्रुटी असू शकते, असा शेरा आला आहे. किल्ली चोरीला गेलेली नाही, सांकेतिकीकरण कोणी फोडलेले नाही, मग परका माणूस आत येणार कसा? आणि त्यासाठी सर्व्हर नव्याने उभा करावा लागेल काय?

उत्तर : आपली किल्ली आणि सांकेतिकीकरण दोन्ही शाबूत आहेत, हे आपले म्हणणे बरोबर आहे. ही त्रुटी त्यांच्यात नव्हतीच. ती होती किल्ली तपासली जाण्यापूर्वीच्या काळात, म्हणजे बाहेरून कोणी जोडणी केली आहे पण त्याने स्वतःची ओळख अजून पटवून दिलेली नाही, त्या अवधीत. त्यामुळे पासवर्ड कितीही लांब असला किंवा किल्ली कितीही जपली, तरी या हल्ल्याला त्याने अडसर होत नव्हता.

जोडणी करणाऱ्याने ठरावीक वेळात लॉगिन पूर्ण केले नाही, तर ओपनएसएसएच ती जोडणी तोडते. ही मुदत 'लॉगिनग्रेसटाइम' या सेटिंगने ठरते आणि ती मुळात १२० सेकंदांची असते. मुदत संपली की ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्रामला एक सिग्नल पाठवते, आणि प्रोग्राम हातातले काम जिथल्या तिथे सोडून त्या सिग्नलसाठी नेमून दिलेले काम करू लागतो. आपण पतसंस्थेत आहात, म्हणून तिथलेच उदाहरण देतो. लेखनिकाने कीर्दीत जमेची बाजू लिहिली आहे, नावेची बाजू लिहायची आहे, आणि नेमक्या त्या क्षणी घंटा वाजली. घंटेसरशी त्याने दुसऱ्या वहीत नोंद केली असती तर काही बिघडले नसते. पण नियमाप्रमाणे त्याला त्याच अर्धवट कीर्दीत आणखी एक नोंद करावी लागली, तर हिशेब विसकटणारच. ओपनएसएसएचमध्ये नेमके हेच घडत होते. मुदत संपल्याची नोंद लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, करण्यासाठी 'सिसलॉग' हे फंक्शन बोलावले जाई, आणि लिनक्सवरील ग्लिबसी या लायब्ररीत ते फंक्शन मेमरीची मागणी व परतफेड करणाऱ्या यंत्रणेला हात लावते. ती यंत्रणा स्वतःच त्या क्षणी अर्ध्यावर थांबलेली असेल, तर मेमरीची मांडणी बिघडते, आणि हा बिघाड हल्लेखोराला हवा तसा घडवून आणता येतो. हा भाग रूटच्या, म्हणजे सर्व्हरवरील सर्वोच्च, अधिकाराने चालतो, त्यामुळे हल्ला साधला की संपूर्ण सर्व्हर हातचा जातो.

अर्थात तो क्षण साधणे सोपे नाही. ही त्रुटी शोधून १ जुलै २०२४ रोजी जाहीर करणाऱ्या क्वालिस कंपनीच्या संशोधकांना ३२ बिटांच्या प्रणालीवर सरासरी सुमारे १०,००० प्रयत्न करावे लागले, आणि एकाच वेळी १०० जोडण्या ठेवूनही रूटचा ताबा मिळायला साधारण ६ ते ८ तास लागले. ६४ बिटांच्या प्रणालीवर यशस्वी झालेला हल्ला त्यांनी त्या वेळी दाखवला नव्हता. तरीही मी या आकड्यांवर विसंबून राहणार नाही, कारण रात्रभर चालू असणाऱ्या आणि लॉग कोणीच न वाचणाऱ्या सर्व्हरच्या बाबतीत आठ तास ही काही मोठी मुदत नव्हे.

मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो त्याचा इतिहास. हीच त्रुटी २००६ साली सापडली होती आणि ४.४ आवृत्तीत दुरुस्तही झाली होती. पुढे जी तजवीज राहिली, तिच्यानुसार सिग्नल आला असताना लॉग लिहिणे सुरक्षित नसेल, तर काहीही न लिहिता प्रोग्रामने सरळ बाहेर पडायचे होते. ऑक्टोबर २०२० मध्ये लॉग लिहिण्याच्या व्यवस्थेची फेरमांडणी करताना ही अट नकळत निघून गेली, आणि मार्च २०२१ च्या ८.५पी१ आवृत्तीपासून ९.७पी१ पर्यंत ती त्रुटी पुन्हा घराघरांत पोहोचली. सुधारलेला दोष परत येण्याला संगणकाच्या परिभाषेत रिग्रेशन म्हणतात. तेच नाव तिला पडले. ओपनबीएसडी या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर मात्र तिचा परिणाम झाला नाही, कारण सिग्नलच्या वेळीही सुरक्षितपणे लॉग लिहिणारे वेगळे फंक्शन त्या मंडळींनी २००१ मध्येच तयार केले होते.

आता आपल्या सर्व्हरविषयी. ९.८पी१ मध्ये दुरुस्ती आली हे खरे, पण आपली आवृत्ती ९.२ दिसते म्हणून ती सदोषच आहे, असा निष्कर्ष निघत नाही. डेबियनसारखी लिनक्सची वितरणे (तयार संच) मूळ आवृत्तीचा क्रमांक तोच ठेवून केवळ दुरुस्ती तिच्यात घालतात. डेबियन १२ मध्ये ९.२पी१ च्या पुढील शेपटीत 'डेब१२यू३' किंवा त्यानंतरचा क्रमांक असेल, तर ही दुरुस्ती आपल्याकडे आलेली आहे. तपासणीची साधने पुष्कळदा बाहेरून दिसणारा क्रमांक वाचूनच शेरा देतात, म्हणून पॅकेजचा पूर्ण क्रमांक सर्व्हरवर पाहून तो तपासनिसांना लेखी कळवावा. उलट, डेबियन ११ मधील ८.४पी१ जुनी असूनही तिच्यात हा दोष नव्हता.

दुरुस्ती आलेली नसेल, तर नेहमीच्या अपडेटने ती मिळते. सर्व्हर नव्याने उभा करण्याची गरज नाही. अपडेट करताना एक चालू लॉगिन तसेच उघडे ठेवावे, सेवा पुन्हा सुरू झाली का ते पाहावे आणि दुसऱ्या खिडकीतून नवे लॉगिन होते याची खात्री पटल्यावरच पहिले बंद करावे.

अपडेट काही कारणाने लगेच शक्य नसेल, तर लॉगिनग्रेसटाइम शून्य करण्याचा तात्पुरता उपाय सांगितला गेला होता. त्याने मुदतच उरत नाही, म्हणून तो सिग्नलही येत नाही. मात्र मग कोणीही ओळख न पटवता जोडण्या धरून बसू शकतो, आणि 'मॅक्सस्टार्टअप्स'ने ठरवलेली मर्यादा भरली की आपल्यालाच आत जाता येत नाही. म्हणून हा उपाय काही दिवसांपुरताच ठेवावा, आणि तेवढ्या काळात ओपनएसएसएचचे २२ क्रमांकाचे पोर्ट (जोडणीचे दार) साऱ्या जगाला खुले न ठेवता फायरवॉलमधून केवळ आपल्या व्हीपीएनपुरते, म्हणजे संस्थेच्या खासगी जोडणीपुरते, मोकळे करावे. व्हीपीएनची ही मर्यादा अपडेटनंतरही काढू नये.