टॅरो प्रश्नोत्तरे: जोडीने आलेली कार्डं

प्रश्न: नोकरी सोडावी का, यावर 'एट ऑफ कप्स' आणि 'फोर ऑफ पेंटॅकल्स' निघाली. एक म्हणतं निघा, दुसरं म्हणतं धरून ठेवा. काय समजायचं?

उत्तर: दोन पुस्तकी अर्थांच्या मध्ये 'आणि' घातला की हा घोळ हमखास होतो. पहिलं कार्ड विषय सांगतं आणि दुसरं त्या विषयाचं काय चाललंय ते, असं धरून वाचा. मात्र हा क्रम कार्डं काढण्याआधी ठरवा. नंतर ठरवलात तर हवा तोच अर्थ निघतो!

आता चित्रं बघा. १९०९च्या रायडर-वेट या प्रसिद्ध टॅरो संचात 'एट ऑफ कप्स'मधला माणूस पाठ फिरवून डोंगराकडे चाललाय. मागचे आठही पेले मात्र धड उभे आहेत, फक्त वरच्या रांगेत एक जागा रिकामी दिसते. म्हणजे नोकरी वाईट नाही, अपुरी वाटतेय. 'फोर ऑफ पेंटॅकल्स'वाल्याच्या डोक्यावर एक नाणं, छातीशी एक, पायांखाली दोन. उठला तर सगळीच हलतील, म्हणून तो बसून आहे. तुमच्या क्रमाने वाक्य होतं: मन केव्हाच निघालंय, पैशाच्या काळजीने पाय अडकलाय. क्रम उलटा असता तर 'घट्ट धरलेली सुरक्षितता आता पुरेनाशी झालीय' असं वाचलं असतं.

तत्त्वंही तपासा. टॅरोत कप्स (पेले), पेंटॅकल्स (नाणी), वाँड्स (काठ्या) आणि सोर्ड्स (तलवारी) असे चार गट असतात, प्रत्येकाचं एक तत्त्व. कप्स जल, पेंटॅकल्स पृथ्वी. या दोघांचं जमतं, त्यामुळे दोन्ही कार्डांचा जोर टिकतो. वाँड्स-कप्स (अग्नी-जल) आणि सोर्ड्स-पेंटॅकल्स (वायू-पृथ्वी) या जोड्यांतली कार्डं मात्र एकमेकांचा जोर कमी करतात. 'टेन ऑफ सोर्ड्स' या भीतिदायक कार्डाशेजारी पेंटॅकल्सचं कार्ड दिसलं, तर घाबरण्याआधी हे आठवा.

प्रश्न: जोडीत एक मेजर अर्काना (चार गटांबाहेरचं, 'टॉवर'सारखं मोठं कार्ड) असेल किंवा एक कार्ड उलटं आलं तर?

उत्तर: मेजर कार्ड दुसरं आलं तरी मुख्य धागा त्याचाच, मायनर कार्ड (चार गटांतलं) तो कुठे दिसेल ते सांगतं. मोडतोड दाखवणाऱ्या 'टॉवर'बरोबर मिळून केलेलं काम दाखवणारं 'थ्री ऑफ पेंटॅकल्स' आलं, तर मोडतोड एकत्र मिळून करायच्या कामात शोधा, घरात नव्हे. उलट्या कार्डासाठी आधी दोन्ही सुलटी धरून वाक्य जुळवा, मग उलट्या कार्डाचा भाग मंद किंवा अडलेला समजा. अर्थ लागत नाही म्हणून लगेच तिसरं कार्ड ओढू नका. ओढायचंच असेल, तर ते दोहोंपैकी कोणत्या कार्डाचा खुलासा करणार, हे आधी ठरवा.